बनूची पाठ आणि जीपचे पाटे

१२ जानेवारी १९४७, रविवार

बैल बाजारात गेले आणि गाडी आली. खडकीला लष्कराच्या जुन्या जीपांचा लिलाव होता, तिथून चालवत आणली. परवापासून बायको, अंजना, माझ्याशी बोललेली नाही. रिकाम्या दावणीपाशी गाडी उभी केली, तशी ती हातातली शेणाची पाटी तिथंच ठेवून घरात निघून गेली.

पलटणीच्या वर्कशॉपात प्रत्येक गाडीच्या कामाची वही ठेवावी लागायची. आसामात, ब्रह्मदेशात पाच वर्षं ठेवली. ही वही त्याच सवयीनं घातली आहे. काम एकच. बनूला हिसका न बसू देता मिरजेला न्यायचं आणि परत आणायचं.

बनू नऊ वर्षांची. मी भरती झालो तेव्हा नुकती नीट बोलायला लागली होती. गेल्या पावसाळ्यात सुटून आलो तर दाराआडून बघायची आणि आईला विचारायची, "ह्यो कवा जानार?" दसऱ्यापर्यंत माझ्या खांद्यावरून उतरेनाशी झाली. दिवाळीनंतर तिची पाठ धरली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडाचा क्षय, मणका किडलाय. मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं. म्हणाले, इथंच ठेवा, वर्षभर पाठीवर सपाट. अंजना लगेच म्हणाली, "ठिवूया. पोर जगंल." बनूनं माझा सदरा दोन्ही मुठींत धरला. "आबा, मला हितं टाकू नगासा."

मी नाही म्हणालो. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "मग दर तीन आठवड्यांनी आणून दाखवा. पण हिसके बसता कामा नयेत. एकेक हिसका वाईट." त्या दिवशी परत येताना आधी मोटर, मग गाडीवाट. येरळा नदीच्या पात्रात बनू अशी ओरडली की ड्रायव्हरनं मोटर थांबवली आणि उतरून लांब जाऊन उभा राहिला.

अंजनाला वाटतं मी चुकलो. पण पाच वर्षांनी मिळालेली पोर दवाखान्यात सोडून कसा येऊ?

१५ जानेवारी, बुधवार

मोकळी जीप उधळलेल्या घोड्यासारखी आहे. मागं दोन्ही अंगांना पोलादाचे नऊ-नऊ पाटे, एकाखाली एक बांधलेले, हिसका झेलायला. सहा शिपाई आणि दारूगोळा वाहायचा हिशोब. बनू प्लास्टरसकट एका पोत्याच्या वजनाचीही भरत नाही, मग पाटे दबणार कसे? दगड आला की सगळी गाडीच वर उडते.

परीक्षा अशी ठरवली. शेजारचं बैठकीचं आसन काढून तिथं फळी टाकली. बनूचं डोकं जिथं येईल तिथं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. वाडीपासून ओढ्यापर्यंत जाऊन यायचं आणि किती सांडलं ते बघायचं. नऊ पाट्यांवर तांब्या निम्मा रिकामा. तीन पाटे काढले तर पाऊण भरलेला राहिला. पण ओढ्याच्या मोठ्या धोंड्यावर चाकांचा दांडा वर येऊन चौकटीला आदळला. तो एक दणका दहा हिसक्यांपेक्षा वाईट.

एक पाटा परत चढवला. आता सात.

बिराप्पा धनगर बांधावर मेंढरं घेऊन उभा होता. तीन खेपा बघून म्हणाला, "जोतीराम, ब्रह्मदेशातनं येडा हून आलास का रं? तांब्याला कुठं घिऊन निगालायस?"

२१ जानेवारी, मंगळवार. सांगली

पहाटे निघालो. पेट्रोलची कुपनं मामलेदारांनी आजारी माणसासाठी म्हणून दिली. बनूचं डोकं माझ्या गुडघ्याशी, अंजना मागं तिच्या पायांपाशी. भिवघाटात दोनदा ओरडली, विट्याच्या उतारावर एकदा. येरळेत ओरडली नाही, शालीचा पदर दातात धरला होता. कळ कुठं येते विचारलं तर म्हणाली, "पाठीतनं निगती न् पायात जाती, इजेवानी." सगळ्या जागा लिहून ठेवल्या आहेत.

डॉक्टरांनी पाय हलवायला लावले, तळव्याला बोट लावून बघितलं. ठीक आहे म्हणाले. पुन्हा विचारलं, "ठेवता का?" अंजना माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, गाडीचं काम अजून पुरं झालेलं नाही.

परतीला सांगलीत एका पाट्याचा मधला बोल्ट तुटला. लोकांनी टांग्यांचे पाटे करणाऱ्या जैनुद्दीनचं घर दाखवलं. पन्नाशीचा माणूस, भुवया भट्टीनं जळालेल्या. गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलला, "हवालदार, ही फौजी पाटं. ह्यांच्या लेखी माणूस म्हंजे माल. टांग्यात बाळंतीण बसती, म्हातारी बसती. पाटा लांब पायजे आन् पातळ पायजे. आखूड पाटा तडकतो, लांब पाटा झेलतो."

त्याची बायको मेहरुनबी बनूपाशी बसून तिचे केस विंचरत होती. रात्री त्यांच्याच सोप्यात मुक्काम.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी खेप. सात पाटे आणि फळीखाली वाळूची दोन पोती. वजन पडलं की पाटा दबतो आणि गाडी उडायची थांबते, हे मला आधीच सुचायला हवं होतं. बनू फक्त विट्याच्या उतारावर ओरडली. पुढं म्हणाली, "आबा, आज कमी हाय."

कमी आहे. हे दोन शब्द मी सांगलीपर्यंत मनात घोळवत होतो.

पायाला मुंग्या येतात म्हणते. प्लास्टरमध्ये सारखं निजून येतच असणार. डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं. त्यांच्याकडं फार गर्दी होती आणि मला उजेडात जैनुद्दीनला गाठायचं होतं.

जैनुद्दीननं जमिनीवर कोळशानं नवा पाटा काढून दाखवला. मूळच्यापेक्षा वीतभर लांब. पाट्याचं मागचं टोक जिथं अडकतं ते टांगण चौकटीवर सरकवावं लागेल, ते माझं काम. घडवणं त्याचं. म्हणाला, आठ-दहा दिवस लागतील, तुमी हात लावा. माझ्या मनानं लगेच घेतलं.

अंजना म्हणाली, "धा दिस? आन् पोरीकडं कोन बघनार?"

"तू हायस की," मी म्हणालो.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सांगली

बनूला घरी सोडून इथं आलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा हाताला खरं काम लागलं आहे. सकाळपासून भाता, ऐरण, घण. पोलाद पिकल्या जांभळासारखं असताना काढायचं नाही, उगवत्या सूर्यासारखं झालं की तेलात बुडवायचं. ह्यालाच पाणी देणं म्हणतात. काल पहिला लांब पाटा पाणी देताना तडकला. आवाज इतका बारीक की मला कळलाच नाही. जैनुद्दीननं मात्र हातोडा खाली ठेवला. "गेला," म्हणाला. मी म्हणालो, दिसत तर नाही. त्यानं नखानं चीर दाखवली. "पाटा आतनं मरतो, हवालदार. वरनं चकचकीतच ऱ्हातो."

दुसरा घडवायला घेतला.

त्यानं एकदाच विचारलं, दवाखान्यात का नाही ठेवलं? मी म्हणालो, पोरगी घाबरते. त्यानं भाता ओढला. मग म्हणाला, "पोरगी घाबरती का तुमी?" असलं बोलणं मला आवडलं नाही. पण त्याचा हात सोन्याचा आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पाटे घेऊन घरी आलो. प्रत्येक अंगाला सहा, लांब, पातळ, मध्ये ग्रीस भरून वर तेलाचं गोणपाट गुंडाळलेलं. अंजना दारातच म्हणाली, "आधी पोरीचं पाय बगा." मी म्हणालो, उजेड आहे तोवर पाटे चढवतो.

मग बघितले. काही वाईट नाही, उलट चांगलंच. पांघरूण काढलं तर उजवा पाय आपसूक गुडघ्यातून उडाला, ताठ झाला. मी हसलो. म्हणालो, "बने, लाथ मारतीस व्हय आबाला?" तीही हसली. पायात एवढा जोर आला आहे. अंजनानं पांघरूण परत ओढलं. तिला मुळी चांगलं बघायचंच नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

अंजनाशी भांडलो. थंडी म्हणून तिनं रात्री फडक्यात गुंडाळून गरम वीट बनूच्या पायाशी ठेवली होती. सकाळी टाचेला लिंबाएवढा फोड. एवढी भाजेपर्यंत आईचं लक्ष नाही? मी खूप बोललो. बैल विकल्यापासूनचं सगळं बाहेर आलं. ती टाचेला खोबरेल लावत बसली. बनू वरच्या आढ्याकडं बघत होती. एवढा मोठा फोड, पण पोरगी रडली नाही. धीराची झाली आहे.

दुपारी तांब्या ठेवून ओढ्यापर्यंत गेलो. दोन बोटंसुद्धा पाणी सांडलं नाही. धोंड्यावरून गाडी अशी गेली, जशी नाव जावी. वळणावर डुलते, तेवढं सावकाश घ्यायचं. बिराप्पाला हाक मारून तांब्या दाखवला. तो म्हणाला, "खरंच रं गड्या."

४ मार्च, मंगळवार. सांगली, दुपारी

हे जैनुद्दीनच्या दारात गाडीत बसून लिहितो आहे. थांबवत नाही.

बनू एकदाही ओरडली नाही. भिवघाट गेला, विट्याचा उतार गेला, येरळेचं पात्र गेलं, तासगाव आलं. पात्रातून वर आल्यावर गाडी उभी केली आणि विचारलं, "बनू, कसं काय?" ती म्हणाली, "आबा, काईच कळलं न्हाई." मी उतरून बाभळीआड गेलो आणि रडलो. अख्ख्या लढाईत रडलो नव्हतो. आल्यावर अंजनाला म्हणालो, "बगितलंस?" तिनं बनूचे पाय मांडीवर घेतले होते, त्यांवर पदर पांघरला होता. मान हलवली.

जैनुद्दीननं मिठी मारली. गाडीखाली शिरून आपल्या पाट्यांवरून हात फिरवून आला.

मेहरुनबीचं मात्र नवल वाटलं. बनूसाठी तिनं चांदीच्या बारीक तोरड्या काढून ठेवल्या होत्या. घालायला बसली, लाडानं तळव्याला गुदगुल्या केल्या. पुन्हा केल्या. मग तोरड्या तशाच मुठीत घेऊन उठली. अंजनाकडं बघितलं. अंजनानं तोंड फिरवलं. मेहरुनबी मला म्हणाली, "भाऊ, चा ऱ्हाऊ द्या. आत्ताच्या आत्ता मिरजेला जावा." मागच्या दोन्ही वेळी जेवल्याशिवाय हलू दिलं नव्हतं. काही चुकलं असेल का माझं?

निघतो.

५ मार्च, बुधवार. मिरज

डॉक्टरांनी सुई घेतली. अंगठ्यापासून टोचत वर आले. घोटा, पोटरी, गुडघा, मांडी. प्रत्येक वेळी विचारायचे, "कळतंय?" बनू छताकडं बघत होती. बेंबीच्या खाली दोन बोटांवर ती "आई गं" म्हणाली.

"कधीपासून कळत नाही बाळ?"

ती डॉक्टरांशी बोलली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "आबा, रागावू नगासा."

"न्हाई रागावत. सांग."

"तुमी सांगलीला गेला व्हता तवापास्नं. आदी मुंग्या, मग काईच न्हाई." थोड्या वेळानं म्हणाली, "तुमी लय खपलाय, आबा. पाटं लय ब्येस झाल्यात. खरंच."

डॉक्टरांनी मला बाहेर नेलं. किडलेल्या मणक्याचा पू आतल्या शिरेवर दाबतो आहे. आधी त्याच शिरेतून कळा पायात जायच्या. आता शीरच बधिर झाली, म्हणून कळा थांबल्या. पाय उडत होते तेही त्यामुळंच. लगेच आणायला हवी होती, म्हणाले.

मी विचारलं, "हिसक्यांनी झालं का?"

"सांगता येत नाही. सपाट पडून राहिली असती तर कदाचित वाचले असते पाय. ठेवूनही काहींचे जातात."

त्यांनी कदाचित म्हटलं. मी त्या शब्दाला धरून बसलो आहे, पण तो दोन्हीकडं ओढतो.

आज पू काढणार आहेत. बनूला ठेवून घेतली. ह्या वेळी तिनं माझा सदरा धरला नाही.

९ मार्च, रविवार

दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली अंजना आणि मी भाकरी घेऊन बसलो होतो. कोणीच खात नव्हतं. मी विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"फोड आला त्याच दिशी कळलं."

"मग बोलली का न्हाईस? त्याच दिशी आनली असती."

ती भाकरीचे तुकडे करत राहिली. "तुमी मला बोलत व्हता नव्हं? म्या तोंड उगडलं व्हतं, पर तुमी बोलतच व्हता. आन् दुपारी तांब्या घिऊन आला. पलटणीतनं आल्यापास्नं असं हसताना बगितलं न्हवतं तुमास्नी. बनी म्हनली, आई, आबास्नी मंगळवारपातूर सांगू नगंस."

सहा दिवस. त्या सहा दिवसांचं काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

दोघी मला सांभाळत होत्या. मला वाटत होतं, मी सांभाळतो आहे.

१८ मार्च, मंगळवार

पायांत जीव परत आला नाही. पाठीला खाली जखम पडली आहे, ताप उतरत नाही. लघवी नळीनं काढतात. जैनुद्दीन रोज सायकलवरून येतो, खाटेजवळ उभा राहतो आणि परत जातो. आज जाताना म्हणाला, "हवालदार, पाटं माज्या हातची हाईत. निम्मा दोष माजा धरा." मी म्हणालो, पाट्यांत काही दोष नाही. खरंच नाही. तेच सोसत नाही.

२७ मार्च, गुरुवार

डॉक्टरांनी बसवून घेऊन सांगितलं. मूत्रपिंडात पू गेला आहे. आठ दिवस, फार तर पंधरा. बनू घरी जायचं म्हणते. न्यायची असेल तर न्या, डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, आणि हिसके? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

२९ मार्च, शनिवार

घरी आणली. सगळं लिहून ठेवतो.

सांगलीत जैनुद्दीनच्या दारात थांबलो. मेहरुनबीनं तोरड्या आणल्या आणि बनूच्या पायांत घातल्या. बनूनं मान उचलून बघितलं. "वाजवून दावा की," म्हणाली. मेहरुनबीनं दोन्ही पाय हातात धरून हलवले. त्या वाजल्या.

विट्याच्या पुढं बनू म्हणाली, "आबा, मला बसवा."

मी म्हणालो, बसायचं नाही बाळ.

"आता काय हुतंय? एवढ्या बाऱ्या आलो-गेलो, म्या रस्ता बगितलाच न्हाई. नुसतं आभाळ, झाडाचं शेंडं आन् तुमचा कान."

अंजनाकडं बघितलं. ती उतरली, फळीवर पुढं येऊन बसली, बनूला उचलून मांडीवर घेतलं आणि छातीशी टेकवून दोन्ही हातांनी धरलं. दोरीनं दोघींना मिळून बांधलं. बनू समोरच्या काचेतून बघायला लागली. मैलाचे दगड मोठ्यानं वाचत होती. मी गेल्या वर्षी शिकवलेले आकडे.

आटपाडीच्या अलीकडं मोठा माळ लागतो. ती म्हणाली, "आबा, पळवा की."

"कशाला?"

"जीप हाय नव्हं? बिराप्पा म्हनतो, तुमी लढाईत लय पळवायचा. म्या तर बैलाच्या चालीनंच बसली."

मी पळवली. रस्ता सोडला आणि माळावर घातली. वीस मैल, तीस, चाळीस. काटेरी झुडपं, धोंडे, उंदरांची बिळं. गाडी हवेत जायची आणि खाली यायची. अंजना ओरडत होती, "आवं हळू! हळू!" बनू हसत होती. मी तिला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं, तोंड उघडून, धूळ आत जात होती तरी. टेकाड आलं की "अजून! अजून!" म्हणायची. मग अंजनाही हसायला लागली, रडत रडत. मी माळाला तीन वेढे घातले. पेट्रोल संपत आलं तेव्हा थांबलो.

बनूचा चेहरा धुळीनं पांढरा झाला होता. दमली होती. म्हणाली, "असं पयल्यांदाच न्यायला पायजे व्हतं."

६ एप्रिल, रविवार

बनू आज सकाळी गेली.

तीन दिवस शुद्ध येत-जात होती. रात्रभर मी आणि अंजना आळीपाळीनं पाणी पाजत होतो. उजाडल्यावर अंजना म्हणाली, तुमी जरा पडा. मी अंगणात आलो. पडवेना. पाना-पक्कड घेतली आणि गाडीखाली शिरलो. करायचं काही नव्हतं. माळावर पळवून एक नट ढिला झाला होता, तो आवळला. मग पुन्हा ढिला केला आणि पुन्हा आवळला.

आतून अंजनाची हाक आली. "आवं."

मला आवाजावरूनच कळलं. तरी मी नट आवळत राहिलो. तिनं पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा. जोवर मी गाडीखाली आहे तोवर बनू आत खाटेवर आहे, असं मला वाटलं. हे खोटं होतं ते मला ठाऊक होतं. तरी वाटलं.

अंजनाची पावलं अंगणात आली. गाडीपाशी थांबली. मला तिचे पाय आणि लुगड्याचा काठ दिसत होता. मग खाली बसली, माझ्या दोन्ही पायांना धरलं आणि ओढून मला बाहेर काढलं.